कोरियन लिपी शिका, पण रोमनच्या वाटेने नको

दक्षिण कोरियाच्या राजधानीचं नाव आपल्याकडे कुणी ‘सेऊल’ लिहितं, कुणी ‘सोल’. कोरियन माणूस म्हणतो ‘सॉ-उल’. घोळ सगळा रोमन स्पेलिंगचा आहे. एस-ई-ओ-यू-एल यातली ‘ई’ आणि ‘ओ’ ही अक्षरं मिळून एकच स्वर दाखवतात आणि तो आपल्या ‘ऑ’च्या जवळचा आहे. आपण मात्र त्यांची मधेच फोड करून ‘से-ऊल’ वाचतो. ‘ह्युंदाई’ची तीच गत. ते नाव मुळात ‘ह्यॉन-दॅ’ आहे.

कोरियन मालिका बघून भाषेची गोडी लागलेली मुलं आणि रांजणगावच्या एलजीशी किंवा तळेगावच्या ह्युंदाईशी कामाचा संबंध येणारी मंडळी कोरियन शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून पाठ करतात. हा द्राविडी प्राणायाम आहे. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य ही विभागणी ठाऊक असते. ‘क’ आणि ‘ख’ वेगळे आहेत हे त्याच्या कानाला आणि जिभेला न सांगता कळतं. ॲ आणि ऑ ही अक्षरंही त्याच्या रोजच्या वापरात आहेत. नुसत्या इंग्रजीवर वाढलेल्या माणसाला हे सगळं आधी समजून घ्यावं लागतं. तेव्हा आपण सरळ देवनागरीतून ‘हांगुल’मध्ये, म्हणजे कोरियन लिपीत, उतरावं.

या लेखात कोरियन अक्षर एकही छापलेलं नाही, आणि ते मुद्दाम. कागद-पेन घेऊन बसा आणि सांगतो तशा रेघा काढा. फोनवरून सांगूनही समोरच्याकडून लिहून घेता येईल इतकी ही लिपी सरळ आहे. सगळं काढून झालं की इंटरनेटवर हांगुलचा तक्ता उघडून आपली अक्षरं पडताळा.

सुरुवातीआधी थोडं

हांगुल ही चित्रलिपी नाही. दुरून चिनीसारखी दिसते, कारण अक्षरं चौकोनी ठोकळ्यांत बसवलेली असतात. पण प्रत्येक ठोकळ्याच्या आत दोन, तीन किंवा चार साधी अक्षरं असतात आणि अशी मूळ अक्षरं फक्त २४ आहेत: १४ व्यंजनं आणि १० स्वर.

ही लिपी कुणी आणि कधी केली हे नेमकं माहीत आहे. जगातल्या फार थोड्या लिप्यांबद्दल असं म्हणता येतं. जोसॉन घराण्याचा चौथा राजा सेजोंग (कारकीर्द १४१८ ते १४५०) याने १४४३ च्या अखेरीस ती सिद्ध केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. तोवर कोरियात लिहायचं म्हणजे चिनी अक्षरांत. ती शिकायला वर्षानुवर्षं लागत, त्यामुळे सामान्य माणूस निरक्षरच राहायचा. दरबारातल्या विद्वानांना मात्र नवी लिपी रुचली नाही. छे मल्ली नावाच्या विद्वानाने १४४४ मध्ये राजाला अर्ज लिहून कळवलं की स्वतःच्या लिप्या मंगोल, तिबेटी, जपानी असल्या लोकांना असतात, चिनी संस्कृतीत वाढलेल्या आपल्याला हे शोभत नाही. राजाने ऐकलं नाही. लिपीसोबत निघालेल्या ग्रंथात जॉंग इन्जी या दरबारी विद्वानाने लिहून ठेवलं आहे की हुशार माणूस ती सकाळ सरायच्या आत शिकेल आणि मठ्ठ माणूसही दहा दिवसांत.

अक्षरं कशी घडवली याचं स्पष्टीकरण देणारी त्या ग्रंथाची प्रत १९४० मध्ये हाती लागली. तोपर्यंत खिडकीच्या जाळीवरून अक्षरं सुचली इथपासून ती संस्कृतवरून घेतली इथपर्यंत नाना तर्क चालू होते. आज तो ग्रंथ युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत आहे.

पायरी पहिली: पाच आकार

1. आडवी रेघ डावीकडून उजवीकडे ओढा आणि उजव्या टोकातून सरळ खाली या. हा ‘ग’. डावीकडे तोंड केलेल्या माणसाची जीभ बाजूने पाहिली, तर ‘ग’ म्हणताना तिचा मागचा भाग असाच उचललेला असतो.
2. उभी रेघ खाली आणा आणि तळातून उजवीकडे वळा. हा ‘न’. जिभेचं टोक वर, दातांमागे टेकलेलं.
3. चौकोन. हा ‘म’. मिटलेलं तोंड.
4. वरच्या टोकाला जुळलेल्या दोन तिरक्या रेघा, खाली फाकलेल्या. हा ‘स’. दाताचा आकार.
5. वर्तुळ. हा घसा. ठोकळ्याच्या सुरुवातीला आला तर मुका आणि तळाला आला तर ‘ङ’.

आपल्या वर्णमालेतही उच्चाराची जागा पाहूनच वर्ग पाडले आहेत. पण आपल्याकडे शिस्त क्रमात आहे, आकारात नाही. ‘त’ आणि ‘थ’ शेजारी बसतात, पण दिसायला एकमेकांचे कुणी लागत नाहीत. सेजोंगने ती शिस्त थेट अक्षराच्या अंगात उतरवली.

पायरी दुसरी: रेघ वाढवा

‘ग’च्या पोटात एक आडवी रेघ घाला. झाला ‘ख’.

‘न’च्या डोक्यावर आडवी रेघ ठेवली की ‘द’, आणि त्याच्या पोटात आणखी एक रेघ घातली की ‘थ’.

‘म’च्या चौकोनाच्या दोन्ही उभ्या भिंती वर वाढवल्या की ‘ब’. ‘फ’ मात्र जरा वेगळा दिसतो: वर-खाली दोन लांब आडव्या रेघा आणि मधे दोन उभ्या.

‘स’वर आडवी रेघ म्हणजे ‘ज’, त्याच्यावर अजून एक छोटी रेघ म्हणजे ‘छ’. वर्तुळावर आडवी रेघ आणि तिच्यावर छोटी रेघ म्हणजे ‘ह’.

उरलं एक. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर इंग्रजी दोनचा आकडा जसा कोनाकोनांत दिसतो, तसा काढा. हे ‘र’ आणि ‘ल’ दोन्हींचं अक्षर आहे. दोन स्वरांच्या मधे ‘र’, तळाला ‘ल’. चौदा व्यंजनं पुरी झाली.

लिहिताना रेघा वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे. हा नियम पहिल्यापासून पाळा, नंतर वळण सुधारायला त्रास होतो.

पायरी तिसरी: तीन प्रकारचा ‘द’

इथे थांबून सराव करावा लागतो, कारण बहुतेक जण इथेच अडखळतात. कोरियनमध्ये ‘द’च्या जातीची तीन अक्षरं आहेत: साधं, हवेचा झोत असलेलं आणि ताणलेलं. ताणलेलं अक्षर लिहायला तेच अक्षर बारीक करून शेजारी-शेजारी दोनदा काढतात. ‘ग’, ‘द’, ‘ब’, ‘स’ आणि ‘ज’ या पाचांची अशी जोड होते.

कोरियनमध्ये ‘दाल’ म्हणजे चंद्र, ‘थाल’ म्हणजे मुखवटा आणि ताणलेल्या अक्षराने ‘त्ताल’ म्हणजे मुलगी. मराठी माणसाला यातले दोन फुकट मिळतात. झोताचं अक्षर म्हणजे आपला ‘थ’, आणि ताणलेलं अक्षर आपल्या ‘त’च्या बरंच जवळ जातं, फक्त घसा थोडा आवळायचा. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा: ‘थाल’ला ती हलली पाहिजे, ‘त्ताल’ला हलता कामा नये.

अवघड जातं ते साधं अक्षर. शब्दाच्या सुरुवातीला ते ‘द’ही नसतं आणि ‘त’ही नसतं. हलकी हवा सुटते आणि पुढचा स्वर खालच्या पट्टीत लागतो. दोन स्वरांच्या मधे आलं की मात्र तेच अक्षर चक्क ‘द’ होतं. ‘ग’ आणि ‘ब’चंही असंच. ‘नवरा-बायको’ या अर्थाच्या शब्दात ‘ब’चं अक्षर दोनदा येतं आणि ऐकायला ‘पुबु’सारखं येतं. कोरियन माणसाला विचाराल तर तो म्हणेल दोन्ही एकच. तमिळमध्येही ‘क’ आणि ‘ग’ला एकच अक्षर असतं आणि जागेवरून उच्चार ठरतो. चेन्नईत राहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.

बंदराचं शहर ‘पुसान’ की ‘बुसान’ हा वाद याच अक्षराचा. दक्षिण कोरियाने २००० मध्ये रोमनीकरणाचे नवे नियम केले आणि नावाची सुरुवात ‘पी’ऐवजी ‘बी’ने होऊ लागली. शहराचं नाव कोरियनमध्ये तसूभरही बदललं नव्हतं.

घ, झ, ध, भ कोरियनमध्ये नाहीत. ट-वर्ग नाही, ळ नाही. ‘चिंच’ या शब्दात मराठीतले दोन्ही ‘च’ येतात. कोरियन ‘ज’ आणि ‘छ’ त्यातल्या पहिल्या ‘च’च्या जागेवरून उच्चारायचे, दुसऱ्याच्या नाही. ‘स’ पुढे ‘ई’ आली की ‘श’ ऐकू येतो.

पायरी चौथी: स्वर

मुळात तीन खुणा होत्या: टिंब म्हणजे आकाश, आडवी रेघ म्हणजे पृथ्वी, उभी रेघ म्हणजे माणूस. टिंबाची पुढे छोटी रेघ झाली.

उभी लांब रेघ काढा. ही ‘ई’. तिच्या मध्यावर उजवीकडे छोटी रेघ दिली की ‘आ’, डावीकडे दिली की ‘ऑ’.

आता आडवी लांब रेघ. तिच्यावर छोटी उभी रेघ म्हणजे ‘ओ’, तिच्याखाली लोंबती म्हणजे ‘ऊ’. नुसती आडवी रेघ हा आपल्याकडे नसलेला स्वर. ‘ऊ’ म्हणताना ओठांचा चंबू न करता ‘ई’सारखे पसरट ठेवा, म्हणजे तो येईल. पुढे मी त्याला ‘सपाट उ’ म्हणेन.

छोटी रेघ एकाऐवजी दोनदा काढली की ‘य’ मिसळतो: या, यॉ, यो, यू. दहा स्वर झाले.

बाकीचे जोडून होतात. ‘ओ’ आणि ‘आ’ मिळून ‘वा’, ‘ऊ’ आणि ‘ऑ’ मिळून ‘वॉ’. ‘आ’च्या उजवीकडे उभी रेघ, म्हणजे ‘ई’, जोडली की ‘ॲ’ होतो आणि ‘ऑ’ला जोडली की ‘ए’. आ आणि ई मिळून ‘ॲ’ कसा, असं इंग्रजीतून शिकणारे विचारत बसतात. अ अधिक इ बरोबर ए हा गुणसंधी शिकलेल्याला त्यात नवल वाटू नये. पंधराव्या शतकात या अक्षराचा उच्चार खरोखरच ‘आइ’ होता, तो नंतर आकसून ‘ॲ’ झाला. आजच्या तरुण कोरियनांच्या बोलण्यात तर ॲ आणि ए जवळपास एकच झाले आहेत, त्यामुळे ऐकून स्पेलिंग ओळखता आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका.

ह्रस्व-दीर्घासाठी वेगळी अक्षरं नाहीत. शुद्धलेखनाच्या तासाला छळ सोसलेल्यांनी हुश्श करावं.

पायरी पाचवी: ठोकळा बांधा

देवनागरीत ‘क’ लिहिला की त्यात ‘अ’ आपोआप असतो. हांगुलमध्ये असं काही गृहीत नसतं. व्यंजनापाशी स्वर लिहावाच लागतो. आणि प्रत्येक ठोकळ्याची सुरुवात व्यंजनाच्या जागेनेच होते. शब्द स्वराने सुरू होत असेल तर ती जागा रिकामी ठेवत नाहीत, तिथे मुकं वर्तुळ बसवतात. सावरकरांच्या लिपिशुद्धीत ‘इ’, ‘उ’ऐवजी ‘अि’, ‘अु’ लिहायचे. तिथे ‘अ’ जे काम करतो, तेच इथे वर्तुळ करतं.

जागेचा नियम सोपा आहे. लांब रेघ उभी असलेला स्वर व्यंजनाच्या उजवीकडे, लांब रेघ आडवी असलेला स्वर व्यंजनाच्या खाली. अक्षराच्या शेवटी अजून एक व्यंजन असेल तर ते सगळ्यांच्या तळाशी. त्याला कोरियनमध्ये ‘बातछिम’ म्हणतात.

काढून पाहा:

- किमची, मुळात ‘गिम-छी’. पहिला ठोकळा: ‘ग’, उजवीकडे ‘ई’, दोघांच्या तळाला ‘म’. दुसरा: ‘छ’, उजवीकडे ‘ई’.
- सॉउल. पहिला: ‘स’, उजवीकडे ‘ऑ’. दुसरा: वर्तुळ, खाली ‘ऊ’, तळाला ‘ल’.
- हांगुल. पहिला: ‘ह’, उजवीकडे ‘आ’, तळाला ‘न’. दुसरा: ‘ग’, खाली सपाट उ, तळाला ‘ल’.

तीन शब्द न बघता काढता आले की लिपी आली असं समजायला हरकत नाही. पण लिहिलं आहे तसंच बोलतात असं मात्र समजू नका.

पायरी सहावी: तळाची व्यंजनं आणि संधी

तळाला व्यंजन कोणतंही लिहा, उच्चार सातच होतात: क्, त्, प् (तिन्ही अर्धवट गिळलेले), ङ्, न्, म् आणि ल्. ‘स’, ‘ज’, ‘छ’, ‘थ’ हे सगळे तळाला गेले की ‘त्’ होतात. ‘कपडे’ या अर्थाचा शब्द लिहायचा ‘ओस’ आणि वाचायचा ‘ओत्’. मग ‘त’च का लिहीत नाहीत? कारण पुढचा ठोकळा मुक्या वर्तुळाने सुरू झाला, तर तळाचं व्यंजन उडी मारून तिथे जातं आणि मूळ रूप बाहेर येतं. ‘ओस’ला ‘ई’ हा प्रत्यय लागला की उच्चार होतो ‘ओशी’. कोरियन भाषेचं नावही ‘हान-गुग-ऑ’ असं लिहितात आणि ‘हान्गुगॉ’ असं सलग वाचतात. शब्दाचं मूळ रूप डोळ्यांना एकच दिसावं हे तत्त्व १९३३ च्या शुद्धलेखन नियमांनी पक्कं केलं. मराठीतही आपण ‘करतो’ लिहितो आणि ‘कर्तो’ म्हणतो. प्रकार वेगळा असला, तरी लेखन आणि उच्चारात अंतर ठेवायची सवय आपल्यालाही आहे.

पुढचा नियम परदेशी विद्यार्थ्यांना तक्ते करून घोकावा लागतो, आपण तो शाळेत संधी म्हणून शिकलो आहोत. वाक् अधिक मय म्हणजे वाङ्मय. जगत् अधिक नाथ म्हणजे जगन्नाथ. पुढे अनुनासिक आलं की आधीचं कठोर व्यंजन टिकत नाही, ते आपल्याच वर्गातलं अनुनासिक होतं. कोरियनमध्ये तंतोतंत हेच घडतं. रश्श्याला ‘गुक’ अधिक ‘मुल’ असं लिहितात आणि ‘गुङमुल’ म्हणतात. ‘धन्यवाद’ लिहिताना ‘हाप-नि-दा’ असा शेवट करतात आणि म्हणताना तो ‘हाम्निदा’ होतो: गाम्साहाम्निदा. तत् अधिक लीन म्हणजे तल्लीन, तसं प्राचीन राज्याचं नाव ‘सिन-रा’ लिहून ‘शिल्ला’ वाचतात. फरक एवढाच, की संस्कृतात संधी झाली की लेखनही बदलतं, कोरियनमध्ये फक्त उच्चार बदलतो.

तळाला कधीकधी दोन व्यंजनं जोडीने येतात. अशा ११ जोड्या आहेत. सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नका, शब्द भेटतील तशा त्या लक्षात राहतात.

पायरी सातवी: आपली गावं लिहून बघा

मुंबई सोपी: मुम-बा-ई, तीन ठोकळे. पुणे कोरियन लोक ‘फू-ने’ असं लिहितात, कारण परभाषेतल्या ‘प’साठी झोताचं अक्षर वापरायचा त्यांचा शिरस्ता आहे. नागपूरचे चार ठोकळे होतात: ना, मग ‘ग’ला सपाट उ, फू, आणि शेवटी ‘र’ला सपाट उ. महाराष्ट्राचे सहा: मा-हा-रा-श्यू, मग ‘थ’ला सपाट उ, मग रा. आपलं ‘ष्ट्र’ हे जोडाक्षर हांगुलमध्ये एकावर एक रचता येत नाही, कारण ठोकळ्याच्या सुरुवातीला एकच व्यंजन चालतं. मग मधे सपाट उ घालून ते सुटं करतात. आइसक्रीमसुद्धा असंच पाच ठोकळ्यांत पसरतं.

आपल्या नावात ‘व’ असेल तर त्याचा ‘ब’ होईल. वैशालीने बैशाली व्हायची तयारी ठेवावी. काळे आणि काले एकच होतील, धोंडे आणि दोंडे यांतही फरक उरणार नाही. इंग्रजी ‘एफ’ला ओठ मिटून काढलेला ‘फ’ वापरतात, म्हणून कॉफी तिथे ‘खॉफी’ असते. हॉटेलात ‘कॉफी’ म्हणून समोरच्याला कळलं नाही, तर ‘खॉफी’ म्हणून बघा.

नातीगोती: कोण सख्खं, कोण नुसतं शेजारी

लिपी आणि भाषा यांची नाती वेगवेगळी तपासायची असतात. तसं केलं नाही की ‘कोरियन म्हणजे चिनीचीच बोली’ असली विधानं ऐकायला मिळतात.

चिनी आणि कोरियन एका कुळातल्या नाहीत. पण कोरियनचा अर्ध्याहून अधिक शब्दसंग्रह चिनी मुळाचा आहे. मल्याळममध्ये संस्कृत शब्द ठासून भरले आहेत तरी तिचं कूळ द्राविडी, तसाच हा मामला. शिकणाऱ्याला याचा चटका आकड्यांत बसतो, कारण आकड्यांचे दोन संच आहेत. ‘हाना, दूल, सेत’ हे देशी आणि ‘इल, ई, साम’ हे चिनी मुळाचे. घड्याळ सांगताना तास देशी आकड्यांत आणि मिनिटं चिनी आकड्यांत. दोन्ही संच पहिल्या महिन्यातच पाठ करा, पुढे ढकलाल तर गोंधळ पक्का होतो.

चिनी अक्षरंही हांगुलसोबत बराच काळ नांदली. उत्तरेने ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस बंद केली, दक्षिणेत वर्तमानपत्रांतून ती हळूहळू गेली. केवळ हांगुलमधलं पहिलं वर्तमानपत्र मात्र १८९६ मध्येच निघालं होतं. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धतही त्याने रुळवली.

जपानीशी व्याकरण बरंच जुळतं, पण दोघी बहिणी असल्याचं सिद्ध झालेलं नाही. जपानी काना लिप्या चिनी अक्षरं सुटसुटीत करून झाल्या आणि त्यांत एका चिन्हाला एक अख्खं अक्षर असतं. हांगुलशी त्यांचा संबंध नाही. वाक्यरचना आपल्याही ओळखीची आहे: कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. ‘मी शाळेत जातो’ हे शब्दशः ‘मी शाळेत जातो’ याच क्रमाने येतं आणि ‘शाळेत’मधल्या ‘त’सारखा प्रत्ययही नामाला मागून चिकटतो. यावरून नातं निघत नाही, पण शिकायला मोठी सोय होते.

तमिळ आणि कोरियन सख्ख्या असल्याचा दावा इंटरनेटवर जोरात असतो. अमेरिकन मिशनरी होमर हल्बर्ट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोरियन आणि द्राविडी भाषांची तुलना मांडली होती. ‘अप्पा’, ‘ऑम्मा’ हे शब्द ऐकून आजही लोक हरखतात. भाषातज्ज्ञ हे नातं मानत नाहीत. आई-बापांचे शब्द जगभर सारखे ऐकू येतात, त्यांच्या भरवशावर वंशावळ मांडू नये.

लिपीचं आपल्याशी नातं असलंच, तर ते वेगळ्या वाटेने. कुबलाई खानासाठी तिबेटी लामा फाग्पा यांनी १२६९ मध्ये एक चौकोनी लिपी केली. ती तिबेटीवरून घेतलेली आणि तिबेटी लिपी ब्राह्मीच्या वंशातली. अमेरिकन अभ्यासक गॅरी लेडयार्ड यांचं म्हणणं होतं की हांगुलची काही मूळ व्यंजनं या फाग्पा लिपीवरून सुचली. तसं असेल तर देवनागरी आणि हांगुल लांबच्या चुलत बहिणी ठरतात. सगळ्यांना हे पटलेलं नाही. जिभेच्या आकाराचं स्पष्टीकरण मूळ ग्रंथातच असल्यामुळे अनेक कोरियन अभ्यासक त्यावरच थांबतात. मला स्वतःला आकारांपेक्षा वर्गवारीचं नातं जास्त भक्कम वाटतं. सेजोंगने ध्वनींचे पाच वर्ग केले ते चिनी ध्वनिशास्त्राच्या आधारे, आणि चिनी ध्वनिशास्त्राला ही दृष्टी बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या संस्कृत वर्णविचारातून मिळाली.

त्याच भिक्षूंबरोबर शब्दही गेले. ‘क्षण’ चीनमार्गे कोरियात पोहोचला आणि ‘छाल्ला’ झाला, अर्थ तोच. प्रचंड गोंधळाच्या जागेला कोरियन लोक ‘आसुराजांग’ म्हणतात, त्यातला असुर आपलाच.

हांगुल दुसऱ्या भाषेला लावायचा प्रयोगही झाला आहे. इंडोनेशियात बुटोन बेटावरच्या सिया-सिया भाषेसाठी २००९ मध्ये बाउबाउ शहरातल्या शाळेत ती शिकवायला घेतली. त्या भाषेत ‘व’ आहे, तो हांगुलमध्ये नाही. मग सेजोंगच्या काळातलं, वापरातून गेलेलं एक अक्षर परत आणलं: ‘ब’ आणि त्याखाली वर्तुळ.

पायरी आठवी: फोन आणि पाट्या

फोनच्या सेटिंगमध्ये कोरियन कीबोर्ड जोडा. नेहमीच्या मांडणीत व्यंजनं डावीकडे आणि स्वर उजवीकडे असतात. ठोकळा आपणहून जमतो. ‘ह’, ‘आ’, ‘न’ दाबलं की ‘हान’ हा एक ठोकळा दिसेल. लगेच ‘आ’ दाबा, तळाचा ‘न’ उठून पुढच्या ठोकळ्यात जाईल आणि ‘हाना’, म्हणजे एक, तयार होईल. उच्चारातली ती उडी इथे डोळ्यांसमोर घडते. युनिकोडमध्ये असे ११,१७२ ठोकळे आहेत: आरंभीची १९ व्यंजनं, २१ स्वर आणि तळाच्या २८ शक्यता (रिकामा तळ धरून) यांचा गुणाकार. पाठ एकही करायचा नाही.

‘छॉन-जी-इन’ नावाचा दुसरा कीबोर्डही मिळतो. त्यात स्वरांसाठी तीनच बटणं असतात: उभी रेघ, टिंब, आडवी रेघ. बटणांच्या जुन्या मोबाइलवर तो फार चालायचा. स्वरांची घडण डोक्यात बसवायची असेल तर आठवडाभर हाच वापरा.

वाचायला धडे नकोत, पाकिटं आणि पाट्या घ्या. ‘शिन राम्यॉन’चं लाल पाकीट मॉलमध्ये मिळतं. त्यावरचं भलं मोठं काळं अक्षर चिनी आहे, त्याचा अर्थ तिखट. ते सोडा आणि बाकीचं वाचा. ‘रा’चा ठोकळा, मग ‘म’, ‘यॉ’ आणि तळाला ‘न’. कोरियाला जाणार असाल तर निघण्यापूर्वी एवढे शब्द हाताने लिहून जा: ‘यॉक’ म्हणजे स्टेशन, ‘छुल-गु’ म्हणजे बाहेर जायचा रस्ता, ‘मुल’ म्हणजे पाणी, ‘ह्वा-जांग-शिल’ म्हणजे स्वच्छतागृह. शेवटचा नीट पाठ करा. घाईत असताना ठोकळे मोजत बसायला वेळ नसतो.